पाठकोऱ्या वह्या

नाही, नाही, पैसे ठेवा पर्समध्ये, ताई, या अर्जाचे मी घेत नाही. — घेत नाही म्हणजे नाही, दुकान माझं आहे, कशाचे घ्यायचे नि कशाचे नाही ते मी ठरवतो. उद्या घरभाड्याचा करारनामा घेऊन या, दुप्पट घेईन, मग बसा माझ्या नावानं बोटं मोडत. पण फसवणुकीच्या तक्रारीचे नाही. बसा. तो स्टूल डुगडुगतो, भिंतीला टेकवून बसा. आत घरघरतंय ते लॅमिनेशनचं मशीन, आमची ही बसलीय त्यावर. तर कुठवर आलो आपण — विषय, माझ्या नावे परस्पर कर्ज काढल्याबाबत, हां, मी खाली सही करणार, वय चौतीस, नोकरी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये — पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, दोन कर्जं, दोन्हींच्या तारखा, रकमा अंकात नि अक्षरात. राहिला तिसरा. 'माझा संशय अमुक व्यक्तीवर आहे.' तिथं तुम्ही म्हणताय धाकट्या भावाचं नाव टाका. टाकू की. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त घाई करू नका. हा कागद पोलीस ठाण्यात गेला, त्यावर शिक्का पडला, की ते नाव मागं घेता येत नाही — म्हणजे येतं, पण मागं घेतलेलं सगळ्यांना दिसतं. बाकीचं आधी नीट करू, नाव शेवटी.

आता हे सांगा, कर्ज देणाऱ्या कंपन्यांना फोन केलात? — परवा? कुणाशी बोललात? — 'एक मुलगी होती' हे उत्तर नाही झालं, ताई. मुलगी होती ते मलाही माहितीय, तिथं मुलगीच असते, गोड बोलते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी गोड बोलणारी असते. नाव काय, किती वाजता बोललात, तक्रार क्रमांक काय दिला? — नाही घेतला. बघा, इथंच माणूस मार खातो. आपण रडकुंडीला आलेलो असतो, पलीकडून 'काळजी करू नका मॅडम' म्हटलं की आपल्याला वाटतं झालं काम, आणि झालेलं काहीच नसतं. ही वही घ्या. — घ्या हो, वहीचेही पैसे नकोत. यात लिहायचं, तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं, क्रमांक काय. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही कळवलंच नाही, तर वही पुढं करायची. कोरी आहे, विकतची आहे, दोन्ही बाजूंनी कोरी — पानं उलटून बघा हवं तर. — का बघा म्हणजे? सहज म्हटलं. तुम्ही लिहा.

लिहा. पहिलं, त्या दोन्ही कंपन्यांना पुन्हा फोन, आणि नेहमीच्या नंबरवर नाही, फसवणुकीच्या तक्रारींचा वेगळा विभाग असतो, तो मागायचा, अडून बसायचं. दुसरं, तुमच्या स्वतःच्या बँकेत कळवायचं, कार्ड बंद, नवीन कार्ड, नवीन पिन, ईमेलचा पासवर्ड — आणि तो वाढदिवसाचा ठेवू नका, सगळे वाढदिवसाचाच ठेवतात. — ठेवलाय ना? कळलं मला तुमच्या चेहऱ्यावरून. तिसरं, क्रेडिट रिपोर्ट. तो एकाच ठिकाणी मिळत नाही, तीन-चार संस्था आहेत, सगळ्यांचा काढायचा, कारण एकीकडे दोन कर्जं दिसतात नि दुसरीकडे तिसरंच निघतं. माझं तसंच — काहींचं तसं होतं. आणि त्यांना लेखी सांगायचं की यापुढं माझ्या नावानं कुणी कर्ज मागितलं तर मला विचारल्याशिवाय देऊ नका, तशी सोय असते. चौथं, हा अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची, शिक्का नि सही, नुसतं 'ठेवून जा' म्हणाले तर हलायचं नाही. पाचवं, त्या पोचेची प्रत जोडून कंपन्यांना लेखी पत्र की हे कर्ज माझं नाही, कागदपत्रं तपासा. आणि सहावं — हे अधोरेखित करा — एक हप्तासुद्धा भरायचा नाही. एकही नाही. वसुलीवाले फोन करतील, ऑफिसात करतील, शेजारी करतील, म्हणतील तात्पुरते भरा, मग बघू. नाही भरायचं. भरलंत की कर्ज तुमचं झालं.

— मला कसं माहीत? माहितीय. मी भरले होते.

हां. माझंही झालंय. आता तोंडातून गेलंच आहे तर सांगतो, वर्ष झालं. हसू येतं ना? गावभरच्या लोकांना मी सांगतो सही कुठं करा, शिक्का कुठं घ्या, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, पंचवीस वर्षं याच टेबलाशी बसून हेच सांगतोय, लोक वकिलाकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात — आणि माझ्याच नावानं कुणीतरी तीन कर्जं उचलली नि मला पत्ता नाही. एक दिवस सकाळी फोन आला, मी घरी ओट्यावर दूध गाळत होतो, ती मुलगी माझं पूर्ण नाव घेऊन म्हणते, सर तुमचा हप्ता थकलाय. म्हटलं कसला हप्ता? तिनं रक्कम सांगितली. ताई, माझ्या हातातलं पातेलं कलंडलं. आमची ही विचारते काय झालं, मी म्हटलं काही नाही, राँग नंबर. तिथून खोटं सुरू झालं. बँकेत जायला पाय उचलेना. काय सांगू तिथं जाऊन? तिथला कॅशिअर मला 'लेखीसाहेब' म्हणून हाक मारतो, कारण मी कुणालाही सांगतो, लेखी घ्या, लेखी द्या. त्याच्यापुढं जाऊन उभा राहू की मला कुणी टोपी घातली? त्यापेक्षा भरून टाकू, फोन तरी बंद होतील, असं म्हणून दोन महिने गपचूप हप्ते भरले. मग ही गोष्ट बँकेतल्या मॅनेजरबाईंपर्यंत गेली तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, कर्ज तुमचं नव्हतं तर तुम्ही फेडत का होतात? लाज वाटत होती म्हणून, असं त्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते.

आणि घरी काय झालं माहितीय? आमच्या हिला पासबुकात ते हप्ते दिसले. तिनं मला विचारलंसुद्धा नाही. तिच्या डोक्यात काय आलं असेल? आलं की मी पत्ते खेळायला लागलो असणार, नाहीतर बहिणीला चोरून पैसे पुरवतोय. चार दिवस अबोला. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आत निघून जायची. तिचंही चूक नाही, घरातले पैसे गेले की माणूस आधी घरातल्याच माणसाकडं बघतो. बाहेरच्या चोराला चेहरा नसतो ना. घरातल्याला असतो, रोज समोर असतो, त्याच्या चुका आपल्याला पाठ असतात. मी काय कमी चुका केल्यात तीस वर्षांत? त्या सगळ्या तिनं त्या चार दिवसांत मांडून बघितल्या असणार. हे मी तुमच्या भावाबद्दल नाही बोलत, माझ्याबद्दल बोलतोय. तुमचा भाऊ म्हणजे तुमचं तुम्हाला माहीत.

— हो, ऐकलं ना मघाशी. दीड वर्ष नोकरी नाही, तुमच्याकडे राहतो, तुमची कागदपत्रं ठेवायची जागा त्याला माहीत, आणि हातात नवा फोन. पण नवा फोन तर आजकाल कुणाच्याही हातात असतो, जुना फुटला की घ्यावाच लागतो. — बरं, बरं, नाही बोलत मध्ये. कंपनीनं कर्जाची कागदपत्रं दिलीत ना तुम्हाला? ती जोडावी लागतील, द्या इकडे. — किती पानं? चार. हा फॉर्म, ही सही — ही तुमची सही आहेच नाही, तुमचा 'र' असा नाही, मघाशी बघितला मी. ही पगाराची स्लिप. आणि हे ओळखपत्राची —

काही नाही. चष्मा पुसतोय. घामानं धूसर होतो.

नाही हो, काही नाही, पाणी नको. मला एक सांगा, ही ओळखपत्राची झेरॉक्स तुम्ही बघितलीत नीट? काय दिसतं? — फोटो, बरोबर. वाकडी आहे, तेही बरोबर, कार्ड तिरकं सरकलंय, वरचा कोपरा कापला गेलाय. आणि इथं डाव्या बाजूला, कडेपासून बोटभर आत, ही बारीक काळी रेघ. वरपासून खालपर्यंत. केसाएवढी. तुम्हाला वाटेल कागदाला घडी पडली. घडी नाही ती. — सांगतो. सांगतो ना, पण मला माझ्या पद्धतीनं सांगू द्या, मध्ये उठलात तर माझ्यानं पुन्हा सुरुवात होणार नाही.

माझा एक नियम आहे, होता. खराब प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. वाकडी आली, फिकी आली, कडेला काळी आली, तर बाजूला टाकायची आणि दुसरी काढून द्यायची, पैसे एकाच प्रतीचे. लोक म्हणायचे चालेल हो काका. मी म्हणायचो, तुम्हाला चालेल, मला नाही चालत. आणि दुसरा नियम, कागद वाया घालवायचा नाही. त्या खराब प्रतींची मागची बाजू कोरी असते ना, मग त्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा साठायचा, संध्याकाळी मी ते सारख्या आकारात कापायचो, आमची ही जाड सुईनं शिवायची, वर पुठ्ठा, की झाली वही. तिथं त्या खिडकीत ठेवायचो, फुकट, ज्याला हवी त्यानं न्यावी. शाळेतल्या मुलांनी गणितं करावीत, बायकांनी वाण्याच्या याद्या लिहाव्यात. मला फार अभिमान होता त्याचा. एका शाळेनं आभाराचं पत्र दिलं होतं, फ्रेम करून त्या खिळ्याला लावलं होतं — आता नाही तिथं, काढलं मी. लोकांना सांगायचो, माझ्या दुकानातून कागदाचा कपटा कचऱ्यात जात नाही. कपटा नाही जात. आणि त्या कपट्यांवर पुढच्या बाजूला काय छापलेलं आहे ते पंचवीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. लोकांची ओळखपत्रं, पगाराच्या स्लिपा, रद्द केलेले चेक, सह्या. अर्धी गणितं नि अर्धी माणसं. सगळं वर पुठ्ठा लावून, शिवून, मी हातानं वाटत होतो.

एक माणूस यायचा. पस्तिशीचा असेल, नेटका, पायात बूट, आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, कारण तो म्हणाला मी गरीब मुलांची शिकवणी घेतो. दर शनिवारी यायचा, वह्यांचा गठ्ठा न्यायचा, म्हणायचा काका तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. मी फुलून जायचो. शनिवारी मी त्याच्यासाठी जास्त वह्या करायला लावायचो हिला, तिच्या बोटांना सुई टोचायची तरी. एकदा मी त्याला विचारलं, शिकवणी कुठं असते, मी येऊन मुलांना बघतो. म्हणाला, जागा बदलतोय. त्यानंतर आला नाही. मला वाटलं, बिचारा जागा शोधत असेल.

आणि मग मॅनेजरबाईंनी त्यांचा स्क्रीन माझ्याकडं वळवला, म्हणाल्या हे बघा, कर्जाला ही कागदपत्रं जोडलीत, ओळखपत्र तुमचंच ना? माझंच होतं. तिरकं. आणि डाव्या बाजूला रेघ. ताई, त्या मशीनच्या आतल्या ड्रमवर एक ओरखडा आहे, दोन वर्षं झाली, नवा ड्रम महाग म्हणून मी बदलला नाही. माझ्या मशीनची प्रत मी शंभरांत ओळखतो. एवढंच नाही, कडेला सुईची भोकं होती, चार, समान अंतरावर. ही कशी शिवते ते मला माहीत नाही? माझी स्वतःची झेरॉक्स मीच काढली होती, वाकडी आली, मीच बाजूला टाकली, मीच कापली आणि मीच त्या माणसाच्या हातात दिली, वर म्हटलं, मास्तर, अजून हव्यात का? तिथं त्या खुर्चीत मला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग काय केलं विचारा. — विचारा ना. घरी आलो, राहिलेला गठ्ठा तीन दिवस हातानं फाडत बसलो, बादलीत भिजवला, लगदा करून टाकला. हिला सांगितलं मनगट दुखतं, वह्या बंद. खिडकी मोकळी केली. आणि पोलिसांत अर्ज दिला, माझा मीच टाइप केला, इथंच. त्यात प्रश्न होता, तुमची कागदपत्रं कुठून बाहेर गेली असावीत असं तुम्हाला वाटतं? मी लिहिलं, निश्चित सांगता येत नाही, बहुधा प्रवासात गहाळ झाली असावीत. बहुधा. प्रवासात. मी वर्षातून दोनदा प्रवास करतो. पण दुसरं काय लिहिणार होतो? की गेली कित्येक वर्षं तुम्हा सगळ्यांचे कागद मी फुकट वाटतोय? दुकानाला कुलूप लागलं असतं. आणि कुलपाचंही नाही हो एवढं, लोक काय म्हणतील त्याचं. लेखीसाहेब. मला ते नाव सोडवेना.

तुमच्या आधी तिघं आले याच कामाला. एक निवृत्त शिक्षक, एक शिवणकाम करणाऱ्या बाई, एक ट्रकवाला. तिघांच्याही प्रतींवर ती रेघ होती. तिघांचेही अर्ज मी टाइप करून दिले, पैसे घेतले नाहीत, पोच कशी घ्यायची ते शिकवलं, आणि 'कुठून गेली असावीत' तिथं तिघांनाही म्हटलं, प्रवासात लिहू या, सगळे तसंच लिहितात. ते शिक्षक जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, देवमाणूस आहात. मी तो हात दिला, ताई. काढून घेतला नाही.

— काय म्हणालात? काल? — थांबा, मला नीट कळू द्या. काल तुम्ही त्याची बॅग दाराबाहेर ठेवली? आणि तो? — नुसती चप्पल घातली आणि गेला? मग रात्री कुठं — माहीत नाही. फोन लागत नाही. बरं. बरं.

हे आधी का नाही सांगितलंत? म्हणजे तुम्ही का सांगावं, मी कोण तुमचा. मीच आधी बोलायला हवं होतं, तुम्ही दारातून आत आलात नि आडनाव सांगितलंत तेव्हाच. कारण मला तुमचा भाऊ आठवतो. — हो. आठवतो म्हणजे चांगला आठवतो, उंच, जरा वाकून उभा राहतो, बोलताना शर्टाचं बटण पिरगाळतो. बरोबर? तुमचीच कागदपत्रं घेऊन आला होता, प्लास्टिकच्या पाकिटात, प्रत्येक कागद वेगळा. म्हणाला ताईला ऑफिसात द्यायचीत. मी झेरॉक्स काढली, ओळखपत्राची प्रत वाकडी आली. मी म्हटलं दुसरी काढतो. तो चालेल म्हणाला नाही. मी दुसरी काढली, दिली, पैसे घेतले. आणि मग तो म्हणाला —

एक मिनिट.

तो म्हणाला, 'काका, ती खराब झालेली पण द्या. ताईचं कार्ड आहे, मी घरी नेऊन फाडतो.' असं म्हणाला. याच शब्दांत. हात पुढं केला होता त्यानं. आणि मी काय म्हणालो? मी हसलो. म्हटलं, अरे पाठकोरा कागद आहे, एवढा चांगला, फाडतोस कशाला, कुणा मुलाच्या कामाला येईल. तो अजून तसाच उभा. पुन्हा म्हणाला, द्या ना. तेव्हा मी चिडलो, ताई. म्हटलं, पंचवीस वर्षं दुकान चालवतोय, मला शिकवू नकोस, कामधंदा नाही वाटतं तुला. मागं दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. त्याचं तोंड एवढंसं झालं, बटण पिरगाळलं आणि गेला. ती प्रत मी गठ्ठ्यावर टाकली. ती ही. ही बघा भोकं, एक, दोन, तीन, चार. तुमच्याबद्दल त्या दिवशी या दुकानात काळजी होती ती एकट्या त्याला होती. आणि त्याचं नाव मी इथं संशयित म्हणून टाइप करणार होतो. करणार होतो, खोटं कशाला बोलू. तुम्ही अर्जाची घाई केली असती, बॅगेचं बोलला नसता, तर मी टाइप केलं असतं, प्रिंट काढला असता, आणि पोच घ्यायला विसरू नका म्हणून तुम्हाला दारापर्यंत सोडायला आलो असतो.

रडू नका. नाही, रडा, मी कोण नको म्हणणारा. ओरडा हवं तर. मला वाटतं तुम्ही ओरडलात तर बरं होईल.

आता बसा एवढं, दोन मिनिटं. तिसरा परिच्छेद. मी टाइप करतो आणि वाचतो, चुकलं तर सांगा. 'माझ्या ओळखपत्राची खराब झालेली झेरॉक्स प्रत माझ्या भावानं मागूनही सदर दुकानाच्या मालकानं परत दिली नाही. त्यानं ती इतर ग्राहकांच्या प्रतींसोबत वहीत शिवून एका अनोळखी इसमास दिली. ही बाब सदर मालकास दहा महिन्यांपासून माहीत असून त्यानं ती लपवून ठेवली.' — लपवून ठेवली, हाच शब्द, दुसरा नको. 'अन्य किमान तीन ग्राहकांचीही अशीच फसवणूक झाली असून त्यांची माहिती सदर मालकाकडे आहे.' खाली दुकानाचा पत्ता, माझं नाव, बापाचं नाव, फोन. मास्तरचं वर्णन मी वेगळ्या कागदावर लिहून देतो, बूट, उंची, शनिवार, सगळं. आणि भावाला — त्याला काय सांगायचं ते मी कसं सांगू? फोन लागला तर म्हणा, झेरॉक्सवाल्यानं कबूल केलं. माझं सांगा आधी, तुमचं मग. त्याला आठवेन मी. असा माणूस कुणी विसरत नाही.

हा निघाला प्रिंट. दोन प्रती. सरळ आल्यात. इथं सही करा, इथंही. —

आतलं मशीन कधी थांबलं? मघापासून लॅमिनेशनचा आवाज येत होता ना? — अगं. तू तिथं कधीची उभी आहेस? — सगळं? — वहीचंही? नाही, तुझा काय दोष, तू फक्त शिवत होतीस, तुला कुठं — अगं, ते मनगटाचं खोटं होतं, हो. पासबुकाच्या वेळीही मी तुला अर्धंच सांगितलं. नंतर बोलू. तुझ्याशी बोलायचं आहेच, पण यांना जाऊ दे आधी. तू अशी बघू नकोस माझ्याकडं.

ताई, तुम्हीही तिच्याकडं बघू नका. हे घ्या तुमचे कागद. मोजून घ्या, चार ते, दोन हे, आणि आल्यावर पत्ता उतरवायला दिलेलं तुमचं कार्ड मशीनच्या काचेवर राहिलं नाही ना, बघा स्वतः उचलून. पोलीस ठाण्यात अर्जाची पोच देणारा कारकून चार वाजेपर्यंतच असतो, तुम्ही निघा. — नाही, काही बोलू नका, माफ केलं असं तर मुळीच म्हणू नका. जा. आणि दारात दोघं उभे आहेत हातात कागद घेऊन, त्यांना जाता जाता सांगा, झेरॉक्स बंद आहे.